अळवाचं पान आणि ॲल्युमिनियमची पट्टी: धातूवरून पाणी निसटवायचं कसं

परसात अळू असेल तर एक पान देठासकट खुडून आणा आणि त्यावर चमचाभर पाणी सोडा. पारा घरंगळावा तसं ते पाणी पळतं, पान ओलंही होत नाही. आता पानाचा एक कोपरा अंगठ्याने जोरात चोळा आणि थेंब तिथे ठेवा. तो बसून राहील. चोळल्यामुळे तुम्ही पानावरचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि त्यांवरचे मेणाचे बारीक कण चिरडले. कामाला बसण्याआधी हा प्रयोग प्रत्येकाने करावा असा माझा आग्रह असतो. धातूवर जे करायचं आहे ते सगळं त्या न चोळलेल्या भागात आहे आणि ते कसं बिघडतं हे चोळलेल्या कोपऱ्यात.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ॲनोडायझिंगच्या, म्हणजे विजेच्या मदतीने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. धातूला चकाकी द्या, रंग द्या, गंजू देऊ नका, असं सांगत लोक येतात. ‘पाणी टिकूच नये असं काही होईल का?’ हा प्रश्न मला एका द्राक्ष बागायतदारांनी विचारला. बागेतल्या हवामान केंद्राच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर धूळ आणि पाण्याचे डाग साचून थर बसायचा. त्या प्रश्नापायी मी दोन पावसाळे पट्ट्या बिघडवत बसले. त्यातून हाती लागलेली कृती पुढे देते. प्रयोगशाळेची महागडी उपकरणं लागत नाहीत. शिस्त मात्र लागते.

आधी थोडं कारण

थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे, थेंबाच्या आतल्या बाजूने मोजलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. स्वच्छ धातूवर पाणी पसरतं, म्हणजे कोन लहान असतो. मेण लावलेल्या गुळगुळीत पत्र्यावर तो शंभरच्या आसपास जातो. पाण्याला सर्वांत जास्त दूर ठेवणारं फ्लोरिनयुक्त रसायन गुळगुळीत पृष्ठभागावर लावलं, तरी १२० अंशांच्या आसपास मजल थांबते. त्यापुढे रसायन एकटं जाऊ शकत नाही. कोन १५० च्या वर जावा आणि पत्रा १० अंशांपेक्षा कमी कलवला तरी थेंब घरंगळावा, अशी या कामाची कसोटी आहे. तिथे पोचायला खडबडीतपणा हवा, तोही दोन पातळ्यांचा: काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डोंगर आणि त्या डोंगरांवर त्याहून शेकडो पटींनी बारीक गवत.

असं झालं की पाणी शिखरांवर टेकतं आणि खालच्या खोबणींत हवा अडकून राहते. थेंबाखाली बहुतेक हवाच असते. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी हे गणित १९४४ मध्ये मांडलं. त्याआधी १९३६ मध्ये वेन्झेल यांनी दुसरी अवस्था सांगितली होती. तीत पाणी खोबणीत शिरतं आणि खडबडीतपणा उलट पाण्याला धरून ठेवतो. कमळाच्या पानावर हे सगळं कसं घडतं ते बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं आणि तिथून धातूवाले या विषयाच्या मागे लागले.

एक फरक मनात पक्का ठेवा. गुलाबाच्या पाकळीवर थेंब गोल दिसतो, पण पाकळी उलटी केली तरी तो पडत नाही. नुसता गोल थेंब पाहून ‘जमलं’ म्हणू नका. घरंगळला तरच जमलं.

कुठला धातू, कुठलं सामान

सुरुवात ६०६३ ने करा. खिडक्यांच्या सेक्शनचा हा मिश्रधातू. ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात कापून उरलेले तुकडे वजनावर मिळतात. पाच सेंटिमीटर चौरस, दोन मिलिमीटर तरी जाड, असे दहा-बारा तुकडे घ्या. ॲनोडाइज केलेला किंवा पावडर कोटिंगचा तुकडा नको, मिल फिनिश, म्हणजे वर काहीच न चढवलेला, मागा. ६०६१ चालतो. २०२४ आणि ७०७५ हे विमानाच्या कामातले मिश्रधातू आपल्याकडच्या पुष्कळ वर्कशॉपना ओळखीचे आहेत, पण त्यांत तांबं असतं. ॲसिडमध्ये ते तांबं काळ्या काजळीसारखं वर येतं आणि मग ती काजळी काढण्याचं काम वाढतं. हात बसल्यावर त्यांच्याकडे वळा.

मुख्य रसायनं तीनच: हायड्रोक्लोरिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ज्याला सगळे आयपीए म्हणतात. शिवाय पट्टी स्वच्छ करायला थोडा कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड). परदेशी कृतींमध्ये इथेनॉल लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्काचा परवाना लागतो. आयपीएने काम तितकंच छान होतं. स्टिअरिक ॲसिड मेणबत्ती आणि रबरवाल्यांकडे मिळतं, पांढऱ्या चकत्यांच्या रूपात. त्यात पामिटिक ॲसिड मिसळलेलं असतं, त्याने बिघडत नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिड घेताना ओळखपत्र न्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर ॲसिड विकणाऱ्याने घेणाऱ्याची नोंद ठेवायची असते आणि अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला ॲसिड द्यायचं नसतं. नोंद न करता देणाऱ्याकडून घेऊ नका.

जुन्या कृतींत शेवटच्या लेपासाठी फ्लोरिनयुक्त सिलेन नावाची रसायनं सापडतील. मी ते वापरत नाही. त्या कुळातली रसायनं निसर्गात मोडत नाहीत. त्यांतलं पीएफओए (परफ्लुओरोऑक्टॅनॉइक ॲसिड) २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. वनस्पती आणि प्राण्यांच्या चरबीतून येणाऱ्या स्टिअरिक ॲसिडने १५० च्या पुढे जाता येत असताना गोदावरीच्या खोऱ्यात ते विष कशाला आणायचं?

याशिवाय डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणी भरपूर, प्लास्टिकची जाड भांडी, चारशे आणि आठशे नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर), प्लास्टिकचे चिमटे, रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा. जुना ओव्हन असेल तर उत्तम, पण तो परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

धुणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्या पहिल्या पंधरा-वीस पट्ट्या इथेच वाया गेल्या आणि मी दोष देत राहिले ॲसिडला.

पट्टी आधी चारशेच्या, मग आठशेच्या पेपरने पाण्याखाली घासा. भांड्याच्या साबणाने धुवा, मग आयपीएने पुसा. आता कॉस्टिकचं पाणी करा: एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम कॉस्टिक. त्यात पट्टी मिनिटभर बुडवा. बुडबुडे येतील, वरचा जुना ऑक्साइडचा थर आणि उरलासुरला तेलकटपणा निघून जाईल. लगेच वाहत्या पाण्यात धुवा.

मग परीक्षा. पट्टी डीएम पाण्यातून काढून उभी धरा. पाण्याचा पातळ पडदा अखंड राहिला आणि तीस सेकंद कुठेही फाटला नाही, तर पट्टी स्वच्छ. कुठे बेट पडलं, पडदा मागे सरला, तर तिथे तेल आहे. परत साबणापासून सुरू करा. पाणी झटकणारा पृष्ठभाग करायचा तर आधी तो पाणी पूर्ण पसरू देणारा व्हावा लागतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण खरं आहे. यापुढे उघड्या बोटांनी पट्टीला हात लावायचा नाही. बोटाचा ठसा शेवटच्या पायरीनंतर जसाच्या तसा उमटतो.

डोंगर: ॲसिडची पायरी

मोकळ्या हवेत, किंवा जोरदार एक्झॉस्टखाली. जवळ गॅस, विडी, ठिणगी काहीही नको, कारण यात हायड्रोजन निघतो.

प्लास्टिकच्या भांड्यात दोनशे मिली पाणी घ्या. त्यात साधारण ३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड शंभर मिली हळूहळू ओता. पाण्यात ॲसिड, कधीही उलटं नाही. ते भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा, कारण क्रिया सुरू झाली की ती स्वतःच तापते, तापली की वेग घेते आणि वेग घेतला की आणखी तापते. म्हणून एका वेळी एकच पट्टी.

पट्टी टाकल्यावर आधी काहीच होत नाही. घाबरू नका, ॲसिड आणखी ओतू नका. वरचा ऑक्साइडचा थर फुटायला वेळ लागतो. मग एकदम बुडबुडे उसळतात. घड्याळ तिथून लावा, पट्टी टाकल्यापासून नाही.

किती मिनिटं? इथे मी एक आकडा देणार नाही. ॲसिडचा जोर, हवेचं तापमान आणि पट्टीचा मिश्रधातू या तिन्हींवर ते ठरतं. मेमधली चार मिनिटं म्हणजे जानेवारीतली चार मिनिटं नव्हेत. तीन पट्ट्या घ्या: एकीला चार, दुसरीला आठ, तिसरीला बारा मिनिटं. तिन्ही शेवटपर्यंत न्या आणि कुठली घरंगळते ते पाहा. ॲसिडमधून निघालेली चांगली पट्टी राखाडी, मखमलीसारखी, प्रकाश न परावर्तित करणारी दिसते. भिंगातून पाहिलं तर पायऱ्यापायऱ्यांचे खड्डे दिसतात, कारण ॲसिड धातूच्या स्फटिकातल्या कमकुवत जागांवरून आधी खात जातं. पट्टी अजून चमकत असेल तर वेळ कमी पडला. कडा खाऊन पातळ झाल्या असतील तर जास्त झाला.

वाहत्या पाण्यात दोन मिनिटं धुवा, शेवटचं धुणं डीएम पाण्याचं.

गवत: उकळतं पाणी

ही पायरी मला सगळ्यात आवडते. ॲसिडने केलेल्या डोंगरांवर आता बारीक पात्यांचं गवत उगवायचं आहे आणि त्यासाठी लागतं फक्त शुद्ध, उकळतं पाणी. गरम पाणी ॲल्युमिनियमशी क्रिया करून बोहमाइट नावाचा थर तयार करतं. तो इतका बारीक पापुद्र्यांचा असतो की तो पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

स्टीलच्या स्वच्छ पातेल्यात किंवा काचेच्या भांड्यात डीएम पाणी उकळा. पट्टी टांगती ठेवा, तळाला टेकू देऊ नका. वीस ते तीस मिनिटं पुरतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्याने काही अडत नाही.

अडतं ते नळाच्या आणि बोअरच्या पाण्याने. एका सुट्टीच्या दिवशी डीएम पाणी संपलं म्हणून मी बोअरचं पाणी उकळलं. पट्ट्या दिसायला झकास होत्या, पण शेवटी एकीवरूनही थेंब निसटला नाही. पाण्यातला सिलिका आणि फॉस्फेट हे बोहमाइट वाढू देत नाहीत. ॲनोडायझिंगमध्ये गरम पाण्याच्या सीलिंगच्या (थरातली छिद्रं बंद करण्याच्या) टाकीत आम्ही याच दोघांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो आणि तरी मला त्या दिवशी ते सुचलं नव्हतं. क्षारांचे डाग पडतात ते वेगळेच.

उकळून काढलेली पट्टी ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर पंधरा मिनिटं वाळवा. या क्षणी तिच्यावर थेंब टाकून पाहा. तो झटकन पसरून दिसेनासा होईल. असं झालं तर गवत उगवलं.

मेण

शंभर मिली आयपीएत १.४ ग्रॅम स्टिअरिक ॲसिड. भांडं गरम पाण्यात ठेवून ५० ते ६० अंशांवर विरघळवा. आयपीए झटकन पेट घेतो, म्हणून शेगडीवर थेट कधीही नाही. पाणी दुसरीकडे तापवा, शेगडी बंद करा, मग त्या पाण्यात झाकलेलं भांडं ठेवा.

वाळलेली पट्टी या द्रावणात एक तास. स्टिअरिक ॲसिडच्या रेणूचं एक टोक धातूवरच्या थराला रासायनिक रीतीने चिकटतं आणि लांब, पाणी नकोसं असलेली शेपटी बाहेर राहते. हा थर रंगासारखा जाड नसतो आणि तसा असूही नये, नाहीतर उगवलेलं गवत मेणाखाली गाडलं जाईल. म्हणून तास झाल्यावर पट्टी कोमट स्वच्छ आयपीएने दोनदा धुवा. पांढरी पूड राहिली तर धुणं अपुरं झालं. आयपीए पूर्ण उडून जाऊ द्या, त्यानंतरच ८० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास.

थंडीत, निफाडकडच्या कडाक्यात तर नक्कीच, द्रावण गार होऊन दुधासारखं गढूळ होतं. स्टिअरिक ॲसिड बाहेर पडतंय असा त्याचा अर्थ. परत कोमट करा, फेकू नका.

खरंच जमलं का

औषधांच्या दुकानातली यू-१०० इन्सुलिनची सिरिंज आणा. तिचं एक युनिट म्हणजे ०.०१ मिली. पट्टी सपाट ठेवा, एका युनिटचा थेंब हळूच टेकवा. बहुतेक वेळा थेंब पट्टीवर यायलाच तयार नसतो, सुईलाच लटकून राहतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी आनंदाने ओरडले होते. सुईला हलकासा झटका द्या.

मोबाइलला मॅक्रो भिंग लावून थेंबाचा अगदी बाजूने, पट्टीच्या पातळीत फोटो घ्या. मागे पांढरा कागद, त्यावर दिवा. फोटोवर दोन मापं घ्या: थेंबाची उंची आणि तो टेकलेल्या बुडाची रुंदी. उंची रुंदीच्या निम्मी असेल तर कोन ९० अंश, साधारण ०.८७ पट असेल तर १२० आणि सुमारे १.९ पट असेल तर १५०. थेंब लहानच ठेवा, मोठा थेंब स्वतःच्या वजनाने चपटा होऊन माप चुकवतो.

मग कोनमापकाशेजारी पट्टी हळूहळू कलवा आणि थेंब कितीला सुटतो ते वहीत लिहा. पट्टीवर पाच ठिकाणी करा, एका ठिकाणी नाही. कडेला सुटतो आणि मध्ये अडतो, असं झालं तर धुण्यात चूक आहे. सगळीकडे गोल राहतो पण अडतो, तर ॲसिडचा वेळ बदला.

शेवटी पट्टी पाण्याच्या काचेच्या भांड्यात तिरकी बुडवा. बाजूने पाहिलं तर ती चांदीसारखी चमकेल. ती चमक म्हणजे खोबणींत अडकलेली हवा. किती तासांनी चमक विझते ते पाहत राहा, टिकाऊपणाचं इतकं स्वस्त माप दुसरं नाही.

तांबं, पितळ आणि लेसर

तांब्याला ॲसिडचे डोंगर आणि उकळत्या पाण्याचं गवत चालत नाही. तिथे एक लिटर डीएम पाण्यात १०० ग्रॅम कॉस्टिक आणि २७ ग्रॅम पोटॅशियम परसल्फेट. स्वच्छ पत्रा खोलीच्या तापमानाला वीस मिनिटं ठेवला की फिक्या निळ्या रंगाची साय धरते. ती कॉपर हायड्रॉक्साइडच्या सुयांची असते. जास्त वेळ ठेवलं तर काळपट होते. मग धुणं, पूर्ण वाळवणं आणि तेच स्टिअरिक ॲसिड. परसल्फेट ज्वलनाला मदत करणारं रसायन आहे. त्याचा एक थेंबही आयपीएत जाता कामा नये. पितळेवर हीच कृती ठिपक्याठिपक्यांनी उठते, कारण जस्त कॉस्टिकमध्ये विरघळतं. पितळ हवंच असेल तर वेगळ्या चाचण्या घ्या.

तांबट लेनमधल्या एका काकांनी मला विचारलं होतं, ‘ताई, कळशीला आतून करता येईल का, म्हणजे घासायला नको?’ नाही. खाण्यापिण्याच्या भांड्याला आतून हे कधीही करायचं नाही. तो तांब्याच्या संयुगांचा थर आहे. भांड्याला कल्हईच हवी.

स्टेनलेस स्टीलसाठी मी ॲसिडपेक्षा लेसर पसंत करते. पार्टवर नंबर टाकणारी २० वॅटची फायबर लेसर मशिनं अंबड-सातपूरमध्ये जागोजागी आहेत. उभ्याआडव्या रेषांची बारीक जाळी, दोन रेषांत ५० ते १०० मायक्रॉन अंतर. लेसरखालून निघालेला पत्रा सुरुवातीला पाणी पिऊन टाकतो. काही दिवस-आठवडे हवेत पडून राहिला की हवेतले सेंद्रिय अंश धरून तोच पाणी झटकायला लागतो. वाट पाहायची नसेल तर स्टिअरिक ॲसिडमध्ये बुडवा.

कुठे टिकतं, कुठे नाही

बागायतदारांचं झाकण पावसात छान चाललं, धूळही पावसाबरोबर वाहून गेली. पण फवारणी झाली की त्याच झाकणावर डाग पडायचे. कारण उघड आहे: औषध पानावर पसरावं म्हणून त्यात स्प्रेडर मिसळतात आणि स्प्रेडरचं कामच मुळी पाण्याला पसरायला लावायचं. साबण, तेल, स्प्रेडर यांच्यापुढे हा पृष्ठभाग हरतो. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातला चुना आणि तांबं तर खालच्या ॲल्युमिनियमलाही बाधतात. आता ते फवारणीच्या दिवशी झाकणावर पिशवी बांधतात आणि नंतर साध्या पाण्याने धुतात.

दवही कठीण. पावसाचा थेंब वरून येतो, पण दव खोबणीच्या आतच जन्म घेतं आणि हवेला हाकलून देतं. द्राक्षाच्या प्रीकूलिंगच्या (तोडणीनंतर लगेच गार करण्याच्या) यंत्रणेतल्या पातळ पत्र्याच्या पंखांवर (फिन्सवर) बर्फ उशिरा धरावा म्हणून याचा विचार बरेच जण करतात. बर्फ उशिरा धरतो खरा, पण गोठणं-वितळणं वारंवार झालं की बारीक रचना मोडते. घासणं, पुसणं, हात लागणं याने तर अळवाच्या पानासारखंच होतं. म्हणून जिथे हात पोचत नाही अशा जागी हे वापरा आणि काही महिन्यांनी फक्त मेणाची पायरी पुन्हा करा. खालची रचना शाबूत असेल तर पाणी परत निसटायला लागतं.

वापरलेलं ॲसिड नाल्यात ओतायचं नाही. मोठ्या भांड्यात थोडं थोडं करून धुण्याचा सोडा घाला. फेस बराच येतो, घाई करू नका. लिटमस कागदावर ते ना आम्ल ना अल्कली असं दिसेपर्यंत सोडा घालत राहा आणि बसलेला पांढरा गाळ वेगळा करा. गाळ आणि पाणी दोन्ही सांडपाणी प्रक्रियेची सोय असलेल्या प्लेटिंगच्या युनिटला विचारून तिकडे द्या. परसल्फेटचं द्रावण वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट न लावता ठेवा, कारण त्यातून ऑक्सिजन निघत राहतो आणि बंद डबा फुगतो.